रूटचा लिफाफा

"बाई, माजं वय अठ्ठेचालीस हाय. तुमचा कॉम्प्युटर अठ्ठावन्न कसा बोलतो?"

बॉयलर अटेंडंट तांडेल आमच्या दारात अनवाणी उभे होते. धूळ नको म्हणून कॉम्प्युटर खात्यात चपला बाहेर काढायची पद्धत होती, देवळासारखी. हातात रिटायरमेंटचं पत्र. महिनाअखेरीस घरी बसा, असं त्यात छापलेलं. खारदांड्याच्या घरात तीन मुली शिकत होत्या. माणूस पार घाबरून गेला होता.

अंधेरी एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात मी प्रोग्रॅमर होते. कामगारांच्या नोंदींची मास्टर फाईल उघडली. जन्मसाल छत्तीसऐवजी सव्वीस पंच झालेलं. एक आकडा बदलला, सेव्ह केलं. स्क्रीनवर उत्तर आलं : परमिशन डिनाइड.

सोपं करून सांगते. आमच्या युनिक्स मशीनवर प्रत्येक फाईलला कुलूप असायचं. कोणी नुसती वाचायची, कोणी त्यात लिहायचं, हे ठरलेलं. मला ती फाईल वाचता येत होती, म्हणजे चूक बघत बसायची मला पूर्ण मुभा होती. सगळी कुलपं उघडणारा युजर एकच, त्याचं नाव रूट. आणि रूट म्हणजे आमचे मॅनेजर, कामत साहेब.

"साहेब, पासवर्ड टाका ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"पर्सोनेलच्या सहीचा अर्ज आणा."

पर्सोनेलचे अधिकारी म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नसतो मॅडम. तांडेलच चुकले असतील."

"स्वतःच्या वयात?"

"तसं लिहून द्यायला सांगा."

तांडेलांनी लिहून दिलं. शाळेचा दाखला जोडला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. सही झाली तेव्हा महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि कँटीनमध्ये तांडेलांच्या निरोप समारंभाच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

कामत साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "ठीक. लिफाफा काढतो."

"कसला लिफाफा?"

"पासवर्डचा. मी तो पाठ केलेला नाही. मुद्दामच! जो मलाच माहीत नाही, तो माझ्या तोंडून बाहेर जाणार कसा?"

एवढी सिक्युरिटी मी पुढे कुठेच पाहिली नाही. साहेबांनी कपाट उघडलं. लिफाफा नव्हता. सगळे ड्रॉवर उपसले. एसीत बसलेल्या माणसाला घाम फुटला. मग त्यांना खंडेनवमी आठवली. त्या दिवशी कारखान्यात जो तो आपलं हत्यार पूजेला ठेवतो. फिटर पाने ठेवतात, सुतार करवत. कामत साहेबांनी मशीनला हार घातला होता आणि आपलं हत्यार म्हणून तो लिफाफा ताम्हनात ठेवला होता.

"मग निर्माल्याबरोबर गेला की काय? निर्माल्य कोणी नेलं?"

ते मला माहीत होतं. दरवर्षी तांडेलच न्यायचे, खारदांड्याला समुद्र दारात म्हणून. मी कँटीनमधून तांडेलांना बोलावून आणलं. समारंभ उरकला होता. अंगावर शाल, हातात नारळ, डोळे लाल.

"बंद लिफाफा? कुंकू लावलेला?" ते म्हणाले. "हां साहेब, मीच सोडला दर्यात. पूजेतली वस्तू, फोडून कशी बगनार?"

साहेब खुर्चीत बसले. मला हसू येत होतं आणि रागही. ज्या कागदावर या माणसाची दहा वर्षं अडकली होती, तो त्याने हात जोडून पाण्यात सोडला होता.

शेवटी मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर आला. त्याने मशीन बंद केलं, टेपवरून पुन्हा चालू केलं आणि रूटला नवा पासवर्ड दिला. त्यात दोन तास गेले. आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं. सकाळी तांडेल बॉयलरवर हजर.

दहा वर्षांनी ते खरोखरच रिटायर झाले. या वेळी समारंभासाठी नुसता नारळ आला. मी नव्या मॅनेजरना कारण विचारलं. त्यांनी स्क्रीन दाखवली. तांडेलांच्या नावापुढे दहा वर्षांपूर्वीची नोंद : शाल दिली.

"अहो, ती चुकून दिलेली. नोंद खोडा की."

"परमिशन नाही, मॅडम."

मी कँटीनमध्ये गेले. तांडेल घरूनच ती जुनी शाल पांघरून आले होते. कॉम्प्युटर त्यांना माझ्याआधी कळला होता.