टाकीवरची अक्षरं

थिनरचा वास आला की मला लातूरमधलं ते गॅरेज आठवतं. कोचिंग क्लासच्या फीवाढीविरुद्धची पत्रकं वाटत मी आत शिरलो आणि समोर बाबांची फटफटी उभी. दोन सिलिंडरची, कंपनीनं मोजक्याच काढलेली. भूकंपात बाबांनी तिच्या टाकीवर लाल रंगात ‘औषधे’ लिहिलं आणि निलंग्याहून पडलेल्या गावांत फेऱ्या मारल्या. ते वारल्यावर माझ्या क्लासच्या फीसाठी आईनं ती विकली, आणि तो क्लास मी वर्षाच्या आत सोडला. आता जुन्या गाड्यांचा शौक चढलेल्या एका क्लासवाल्या सरांना ती कोरी करून हवी होती. म्हातारे मिस्त्री टाकी सुटी करून पॉलिश पेपर भिजवत होते. मी म्हणालो, “चाचा, अक्षरं तेवढी ठेवा. माझ्या बाबांनी लिहिलीत.” “शोरूममधून निघाली तशी पायजे म्हणून राहिले ते, बेटा.” “त्यांना काय माहीत, ह्या गाडीनं काय केलंय?” “त्यांना न्हाई माहीत. तुला हाय, मग इकली कशाला?” क्लासच्या गेटवर पोलिसांशी हुज्जत घालणारा मी, हातातली पत्रकं सारखी करत राहिलो. चाचांनी घासायला घेतलं. टाकी डुगडुगत होती. “धर जरा, हलून राहिली,” ते म्हणाले. मी पत्रकं खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी टाकी धरली, शेवटचं अक्षर जाईपर्यंत. फीवाढीवर मी आजही कुठल्याही चौकात बोलतो. हे मात्र आईलाही सांगितलेलं नाही.