मारबतीच्या गर्दीतली भ्रामरी

देवाशी माझं गोडीगुलाबीनं कधी जमलंच नाही. मी मागायची, तो द्यायचा नाही, मग मी भांडायची. सत्तरच्या दशकात आमच्या लहानग्या कुंदाला दमा जडला, तेव्हा तर देवापुढे दिवा लावता लावता मी त्याला चार शब्द सुनवायची. औषधं चालू होती, अंगारे झाले, उपास झाले. पोरीच्या छातीतली घरघर काही जाईना.

आम्ही नागपूरच्या इतवारीत राहायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथून मारबतीची मिरवणूक निघते. बांबू-कागदाचा तो उंच पुतळा गावाची इडापिडा वेशीबाहेर नेतो, तिथं त्याला जाळतात. लोक ओरडतात, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मला वाटलं, एवढ्या गलक्यात माझं दुरून कसं ऐकू जाईल तिला? कुंदाला कडेवर घेऊन मी थेट पुतळ्याजवळ घुसले. दम्याच्या पोरीला धुरात अन् धुळीत नेणारी आई आमच्या नागपुरातच सापडायची! मी जीव तोडून ओरडत होते, तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली आणि कुंदाचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी रडत तिला नुसती हलवत राहिले.

कोणीतरी माझा दंड धरून आम्हाला एका बंद दुकानाच्या पायरीवर ओढलं. साध्या सुती लुगड्यातली, चाळिशीची बाई होती. तिनं कुंदाला पुढे वाकवून बसवलं. "हवा ओढू नको माय, सोड. सोडली का येते आपोआप. माह्यासंगं गुणगुण." ओठ मिटून तिनं भुंग्यासारखा बारीक सूर धरला. कुंदाचा सूर तुटायचा, पुन्हा लागायचा. "अन् तू काहून रडून राहिली वं? तूही गुणगुण!" मला असं दटावणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. समोरून मारबत निघून गेली आणि आम्ही तिघी पायरीवर गुणगुणत बसलो. हळूहळू कुंदाचा सूर लांबला, ओठांवर रंग आला. बाईंनी आम्हाला रिक्षात बसवून दिलं, नंदनवन वस्तीत राहते एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले, वेळेवर आणलंत. मी चमत्कार म्हणत नाही. पण दवाखान्यापर्यंत माझ्या लेकीचा श्वास त्या सुरानं धरून ठेवला, असं मला वाटतं.

विचारत विचारत मी त्यांचं घर गाठलं. त्या म्हणाल्या, ही भ्रामरी, एक प्राणायाम. जुने हठयोगी एकांतात, कान बंद करून ती करायचे. श्वास घेताना भुंग्याचा आवाज, सोडताना भुंगीचा, आणि मध्ये श्वास रोखून धरायचा. त्यांच्या गुरुजींनी दमेकऱ्यांसाठी हे रोखणंच काढून टाकलं, आसनाऐवजी खुर्ची चालवून घेतली, ठेवलं ते फक्त सावकाश सोडणं. एवढी जुनी विद्या माझ्या पोरीच्या ओठांवर बसेल इतकी सोपी करणाऱ्याचं मन किती मोठं असेल! मी मनातल्या मनात त्या गुरुजींना दंडवत घातला.

"पण ताई, त्या दिवशी तुम्ही नेमक्या तिथं कशा होत्या?"

त्या म्हणाल्या, "माह्या पोराचा जीव त्याच गर्दीत गेला वं. दमाच होता त्याले. तवा मले काहीच येत नव्हतं. शिकली, अन् मंग दरवर्षी मी त्या पायरीवर जाऊन बसतो."

मी त्यांचा हात धरला आणि ढसाढसा रडले.

पुढे ताईंचे गुडघे थकले. आता मारबतीच्या दिवशी त्या पायरीवर मी बसते, संसारी झालेली कुंदाही येते. श्वासासारखंच आहे सगळं. मी नुसती ओढत होते, सोडायला त्यांनी शिकवलं. रोज दिवा लावते, पण देवाशी भांडत नाही. आधी ताईंच्या त्या न पाहिलेल्या मुलासाठी हात जोडते, मग कुंदासाठी.