चपलांच्या गर्दीतले बूट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही, चार पेग पोटात गेल्यावरसुद्धा नाही – आणि मी पितो हे आमच्या वाडीला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती तर ही वेळच कशाला आली असती?

आमच्या कॉलेजातल्या पोरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पोरं कसली – पन्नाशीला टेकलेली, ढेऱ्या सुटलेली. थंडी पडली की दर वर्षी कुणीतरी तोच फोटो टाकतो. कातळावरचं मैदान, मागे स्टेजचे बांबू, पुढे आम्ही काळे टी-शर्ट घालून दात काढून उभे. मग सुरू होतं. काय तो आवाज! काय ते ड्रम! रत्नागिरीत तसं पुन्हा झालं नाही! मीही अंगठे टाकतो, हसरे तोंडवळे टाकतो. आणि शेवटी नंदू लिहितो – हात जोडलेले दोन पंजे, आणि खाली, 'दोस्तांनो, त्या दिवशी माझ्या हातून पाप झालं.' सगळे त्याला म्हणतात, सोड रे, पिऊन होतास. मी पण लिहितो – सोड रे नंद्या. म्हणजे बघा, मी त्याला माफ करतो! दर वर्षी!

नव्व्याण्णव सालचा हिवाळा तो. त्याआधी वादळात एक मच्छीमार होडी बुडाली होती, आणि बुडालेल्या खलाशांच्या घरच्यांना मदत म्हणून मुंबईचा एक रॉक बँड फुकट वाजवायला आला होता. आमचं रॉक तोवर कॅसेटीतलं. मी त्या गायकासाठी वेडा होतो. केस मानेपर्यंत वाढवलेले, आरशासमोर उभं राहून त्याच्यासारखं इंग्रजी बोलायची तालीम, आणि पायात बूट – मुंबईच्या मामानं आणलेले, घोट्याच्या वर येणारे, जाड टाचेचे. इथल्या उकाड्यात पाय शिजायचे. तरी काढले नाहीत. स्टेजवरचे सोडले तर त्या अख्ख्या मैदानावर माणसं चपला घालून आली होती, कुणी अनवाणी. बूट माझ्या एकट्याच्या पायात. हे ध्यानात ठेवा, नंतर लागेल.

नंदू माझ्या शेजारी होता. हेडमास्तरांचा मुलगा, शाळेपासूनचा दोस्त, मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा. त्या दुपारी तो जन्मात पहिल्यांदा प्यायला होता, आणि पाजली होती मी. रॉक ऐकायचं तर कोरडं कसं ऐकायचं, म्हणून. सूर्य समुद्राकडे कलला तोवर त्याला उभंसुद्धा राहता येत नव्हतं. माझ्या खांद्यावर मान टाकून झुलत होता.

सांगतो, सांगतो. वळसे घालतोय हे मलाही कळतंय.

दोन गाण्यांच्या मध्ये जरा शांतता झाली आणि मी ओरडलो. इंग्रजीत. एक संथ गाणं म्हणा अशी फर्माईश – आठवडाभर घोकलेली. शब्द इंग्रजी होते, पण हेल आमचा होता. हेल कुठे लपवणार? गायकानं माझ्याकडे बघितलं, हसला, आणि माइकवरून माझं वाक्य माझ्याच हेलात, नाकातून ओढून ओढून म्हणून दाखवलं. अख्खं मैदान हसलं. पुढे बसलेल्या, होडीवर नवरे गमावलेल्या बायका – त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं असेल – त्यासुद्धा हसल्या. आज वाटतं, एवढंच तर होतं! पण त्या घडीला तसं वाटलं नाही. मला त्याला मारायचं होतं. नुसतं लागावं असं नव्हे – त्याचं थोबाड फुटावं, ते हसणारे ओठ फुटावेत, असं वाटत होतं. हे मी नंतर लावलेलं गणित नाही. तेव्हा अगदी असंच वाटत होतं.

माझा नेम तुम्हाला ठाऊक नाही. आमची आंब्याची बाग आहे. लहानपणापासून वांदरं हाकलायला दगड मारलेत मी. एकदा एका वांदराचा डोळा फुटला, तर आजोबांनी पाठ थोपटली होती. स्टेजखाली टेकू म्हणून जांभ्या दगडाचे तांबडे चिरे रचले होते आणि त्यांचे फुटके तुकडे पायांत पडले होते. पुढचं गाणं सुरू झालं, सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला.

तुकडा त्याच्या भुवईवर बसला. माइकमधून एक घाणेरडा आवाज आला आणि मग तो गुडघ्यावर खाली आला. बोटांच्या फटींतून रक्त. गाणं थांबलं. कुणी मारलान? कुणी मारलान? – चारी बाजूंनी तेच. आणि माझा तळहात जांभ्यानं लालभडक.

पळता आलं असतं. गप्प राहता आलं असतं. मी काय केलं? नंदूचा लुळा हात माझ्या हातात घेतला. घट्ट. तळव्याला तळवा घासला. मग तो हात उंच धरला आणि घसा फुटेस्तोवर ओरडलो, "ह्यानं मारलान! ह्यानंच!"

पुढे काय झालं ते ग्रुपवर कुणी लिहीत नाही. गर्दी तुटून पडली. कुणीतरी लोखंडी खुर्ची घडी करून त्याच्या पाठीत घातली. कुणी बांबू उपसला. तो 'आई गं' म्हणत होता, आणि मधेच हसत होता, कारण त्याला काही कळतच नव्हतं. आणि त्याचं ते हसणं बघून माणसं आणखी चेकाळत होती. त्याचा दात उडून कुणाच्यातरी सदऱ्यावर पडला. केस धरून त्याला कातळावरून फरफटत नेलं, तेव्हा कोपरांची सालं गेली. मी कुठे होतो? मी त्यात होतो. मागे उभा राहिलो असतो तर कुणाला तरी माझा हात दिसला असता. तो आडवा पडला होता, डोकं एका बाजूला. मी लाथ घातली. एक नव्हे. आणि खोटं कशाला बोलू – पहिली भीतीनं होती, दुसरी भीतीनं नव्हती. दुसरीला मजा आली.

त्याचा डावा कान कायमचा गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं, कानामागे चपलेचा मार नाही हा, बुटाची जाड टाच बसलीय. हेडमास्तर मान हलवत होते. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, धीर द्यायला. बूट बाहेर पायरीवर काढून आलो होतो.

शुद्धीवर आल्यावर नंदूला काही आठवत नव्हतं. पण हात लाल होता ना? लोकांनी बघितला होता, त्यानं स्वतः बघितला होता. त्यानं मान्य केलं. गायकानं तक्रार केली नाही, पण हेडमास्तर जुन्या वळणाचे. डोक्याला पट्टी असतानाच मुलाला मुंबईला घेऊन गेले आणि त्या गायकाच्या पायांवर घातलं. सोबतीला कोण होतं? मी. गायकाच्या भुवईला टाके होते. त्यानं नंदूला उठवलं, चहा दिला. मलासुद्धा दिला. मी प्यायलो.

हेडमास्तर पुढे वारले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपल्या संस्कारांत काहीतरी कमी पडलं. नंदूनं पुन्हा दारूला हात लावला नाही. आज तो हायस्कुलात चित्रकला शिकवतो आणि पोरांना सांगतो, या हातानं मी एक वाईट काम केलंय, म्हणून आता या हातानं फक्त चित्र काढतो. किती वेळा मनाशी म्हटलं – त्या दगडानं त्याचं भलंच झालं की! आता सांगून त्याच्या पायाखालची जमीन कशाला काढा? किती सोयीचं, नाही? त्याची सगळी काळजी मला नेमकी तिथेच आठवते.

आता राहिलं मागच्या चैत्रातलं. ग्रुपवाले सगळे माझ्या बागेत जमले होते, बायकापोरांसकट. झाडाखाली कुणीतरी त्याच बँडची गाणी फोनवर लावली होती, आठवणींना ऊत आला होता. नंदूची मुलगी सायली माझ्यासोबत बाग बघत हिंडत होती. कॉलेजात आहे, बापासारखीच मऊ बोलते. एका उंच फांदीला बोट दाखवून म्हणाली, ती कैरी हवी होती. मी विचारच केला नाही. वाकलो, खडा उचलला, मारला. कैरी देठापाशी तुटून तिच्या पायाशी पडली.

तिनं ती उचलली. जरा वेळ हातात फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, आमच्या परसातली एक कैरी पाडता येत नाही हो बाबाला. दहा खडे मारलेन तरी झाडालासुद्धा लागत नाही." मी हसलो. ती हसली नाही. "त्या दिवशी दगड खरंच त्यानंच मारलान?"

आडवळणानं नाही, सरळ विचारलंन. आसपास कुणी नव्हतं. तिचा बाप हाकेच्या अंतरावर झाडाला टेकून डोळे मिटून गाणं ऐकत होता, उजवा कान फोनकडे करून. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"होय गो," मी म्हटलं. "मी शेजारीच होतो. या डोळ्यांनी बघितलंय."

तिनं मान हलवली. कैरी माझ्या तळहातावर परत ठेवली आणि बापाकडे चालत गेली. झाडाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला बसली, कारण डावीकडून बोललेलं त्याला ऐकू येत नाही.