खांबावरून आलेला फोन

बोर्डबाई अंघोळ करून बाहेर आल्या तर घराचं दार सताड उघडं आणि लाइनमन घरात नाहीत. स्वयंपाकघरात नाहीत, गॅलरीत नाहीत. पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं, कारण मागे एकदा ते तिथेही सापडले होते. बाई तशाच ओल्या केसांनी शेजारी धावल्या, मुलाला फोन लावा म्हणून.

लाइनमन म्हणजे त्यांचे यजमान. टेलिफोन खात्यात उभा जन्म खांबावर चढण्यात गेला. आणि बाई त्याच खात्यात ऑपरेटर, म्हणून सगळी गल्ली त्यांना बोर्डबाई म्हणते. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, "नंबर सांगा" म्हणायचं आणि इकडची दोरी तिकडे खुपसायची. अख्ख्या गावाची भांडणं, लग्नं, बारशी आणि रडारड त्यांच्या कानावरून जायची. पण त्यातला एक शब्द कधी बाहेर पडला असेल तर शपथ! शेजारणी खोदून खोदून विचारायच्या. बाईंचं उत्तर ठरलेलं, "मी ऐकत नाही हो, मी फक्त जोडते."

पुढे बोर्ड गेला, आपोआप लागणारे फोन आले आणि बाईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं. मग मोबाइल आले, आणि खिडकीत माशा मारायची पाळी आली. ज्यांनी फोन मिळावा म्हणून साहेबांचे उंबरठे झिजवले होते, तेच आता फोन परत करायला रांगेत उभे राहायचे. वर हसून म्हणायचे, "काय बाई, तुमचं दुकान बंद होणार की!" बाईंचं डोकं असं तापायचं म्हणून सांगू! एकाला तर त्यांनी खिडकीतून सुनावलं होतं, "तुमच्या आईचा निरोप पोहोचावा म्हणून मी जेवण सोडून बसले होते. तेव्हा दुकान नव्हतं वाटतं?"

निवृत्त झाल्यावरही घरचा फोन त्यांनी काढू दिला नाही. मुलगा चिडवायचा, "आई, देऊन टाक तो म्युझियमला."

"आधी तुला देते," बाई म्हणायच्या.

खरं कारण वेगळं होतं. लाइनमनना विसरायला होऊ लागलं होतं. आधी चष्मा, मग मित्रांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटं सोडू नका. पण रोज सकाळी उठल्या उठल्या ते रिसीव्हर कानाला लावायचे, टोन ऐकायचे, "आहे" म्हणून खाली ठेवायचे आणि मगच चहा घ्यायचे. त्या एका "आहे"वर बाई दिवसभर धीर धरून राहायच्या.

आज टोन नव्हता. एक्स्चेंजच कायमचं बंद झालं होतं. तशी सूचना आली होती, मुलाने वाचली, आईला सांगितली, आणि दोघांनी मिळून ठरवलं की यांच्या कानावर घालायला नको, उगाच जिवाला घोर. सकाळी लाइनमननी रिसीव्हर उचलला, ठेवला, परत उचलला. "आहे" काही म्हणाले नाहीत. चहा तसाच गार झाला. आणि एवढं डोळ्यांनी बघून आमच्या शहाण्या बाई अंघोळीला गेल्या!

शेजाऱ्यांचा निरोप मिळताच मुलगा आणि सून धावत आले. सून दवाखान्याकडे पळाली, मुलगा बसस्टँडकडे निघाला. बाई म्हणाल्या, "मी फोनजवळ बसते. त्यांना हाच नंबर पाठ आहे. कुठूनही करतील तर इथेच करतील." मुलगा घाईत "बरं" म्हणाला आणि गेला.

बाई बसल्या. हात रिसीव्हरपाशी, कान घंटीकडे. रस्त्यावर गाडीने करकचून ब्रेक मारला की त्या अर्धवट उठायच्या आणि परत बसायच्या. बराच वेळ असा गेला आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी रिसीव्हर उचलला. आत ठार शांतता.

"अगं बाई, मी मेलेल्या फोनपाशी बसलेय!" त्या मोठ्याने म्हणाल्या. जन्मभराची सवय, दुसरं काय? फोन बंद आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि तरी त्या वाट बघत बसल्या होत्या. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

त्या उठल्या आणि दारामागची खुंटी बघितली. खुंटीवरची खाकी पिशवी नव्हती. पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि खांबावरून बोलायचा जुना टेस्ट फोन, सगळं त्या पिशवीत असायचं. आता कोड्यासारखं काही राहिलं नाही. फोन बंद पडला म्हणजे लाइनमन काय करणार? फॉल्ट शोधायला जाणार. आणि फॉल्ट शोधायची रीत एकच: घरापासून निघायचं आणि तार जिकडे जाईल तिकडे जायचं.

बाई मान वर करून चालू लागल्या. खिडकीतून निघालेली काळी तार भिंतीवरून खांबावर, तिथून पुढच्या खांबावर. एका भाजीच्या गाडीवर त्या आदळल्या, भाजीवाला ओरडला, "आजी, खाली बघा की जरा!" खाली बघायला सवड कुणाला होती? चौकात तार दिसेनाशी झाली. भंगारवाल्यांनी तोडून नेली असावी. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चार रस्ते, आणि त्यातला कुठला धरायचा? तेवढ्यात कोपऱ्यातली खात्याची लोखंडी पेटी दिसली. गंजलेलं दार नुकतंच कुणीतरी उचकटलं होतं. तिथून केबल जुन्या बाजाराच्या बोळात जाते हे त्यांना ठाऊक होतं. त्या बोळाकडे वळल्या आणि समोर गर्दी दिसली. सगळ्यांच्या माना वर.

लाइनमन खांबाच्या टोकाला होते. कमरेला पट्टा नाही. एक हात खांबाला, दुसऱ्या हातात टेस्ट फोन, पाय लोखंडी खुंट्यांवर आणि डोक्यापासून हातभर अंतरावर विजेची तार. ते शांतपणे फोनमध्ये बोलत होते, "हॅलो बोर्ड. हॅलो बोर्ड."

बसस्टँडकडून परतताना गर्दी बघून मुलगा आधीच पोहोचला होता. रडवेला होऊन ओरडत होता, "बाबा, खाली या! बाबा!" प्रत्येक हाकेला लाइनमन खाली बघायचे, आणि प्रत्येक वेळी एक पाय खुंटीवरून सरकायचा. कुणी वीज कंपनीला फोन लावत होतं, कुणी शिडी आणायला धावलं होतं. फुकटचे सल्ले देणारे तर पन्नास.

"गप्प बसा सगळे!" बाईंनी असा आवाज काढला की बोळ चिडीचूप झाला. "ते असे उतरणार नाहीत."

त्यांना माहीत होतं. दुरुस्ती झाली की लाइनमनने खांबावरूनच बोर्डाला फोन करायचा, बोर्डाने लाइन तपासायची आणि "ओके" दिला की मगच उतरायचं, असा कामाचा शिरस्ता. बाई ओके द्यायला भारी कंजूष. जराशी खरखर असली तरी म्हणायच्या, "नाही, परत बघा." त्यावरूनच दोघांची पहिली भांडणं झाली होती. उभ्या नोकरीत त्यांनी खोटा ओके कधी दिला नव्हता.

खांबाला लागून एका टेलरचं माडीवरचं दुकान होतं. बाई धापा टाकत जिना चढल्या, टेलरला बाजूला सारलं आणि खिडकीशी गेल्या. लाइनमनची पाठ त्यांच्याकडे होती, हात लांब केला असता तर सदरा हाताला लागला असता. पण दचकले तर? बाईंनी श्वास आवरला आणि बोर्डावरचा तो जुना, हळू, स्वच्छ आवाज काढला.

"बोर्ड बोलतेय."

लाइनमनची पाठ ताठ झाली. "किती वेळ हॅलो हॅलो करतोय! झोपलात काय? लाइन बघा."

"बघितली. लाइन ओके. उतरा."

"खरखर?"

"नाही. स्वच्छ आहे."

बाईंना वाटलं, सुटले एकदाची. पण लाइनमन हलले नाहीत. म्हणाले, "बाई, एक काम करा. माझ्या घरचा नंबर जोडून द्या."

टेलर तोंडावर हात ठेवून बघत होता. खाली मुलगा खांबाला कवटाळून उभा होता. आता कुठला नंबर आणि कुठला बोर्ड? बोर्डवरची बाई आणि घरची बायको एकच, हेही ते विसरले होते. बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"जोडते. थांबा." त्या थोडं थांबल्या. मग आपल्या रोजच्या, घरच्या आवाजात म्हणाल्या, "हॅलो, कोण बोलतंय?"

"अगं, मी." लाइनमनचा आवाज एकदम खाली आला. "तू जेवून घे. मला उशीर होईल." ते घुटमळले. "थांब, बोर्डवरची बाई ऐकत असेल."

"नाही हो ऐकत ती. बोला तुम्ही."

विजेची तार वाऱ्याने हलत होती. बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"अगं, घरी कसं यायचं तेच मला आठवेना," लाइनमन म्हणाले. "खूप दिवस झाले, असं होतंय. मला फार भीती वाटते. मुलाला सांगू नकोस. तू येतेस का मला न्यायला?"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"येते. तुम्ही एकेक पाऊल टाकत सावकाश उतरा. मी खाली येऊन उभी राहते."

लाइनमननी टेस्ट फोनचे चिमटे काढले, पिशवीत ठेवले आणि एकेक खुंटी चाचपत उतरू लागले. बाई जिन्यावरून अक्षरशः घरंगळत आल्या. मुलगा पुढे होणार होता, त्याला त्यांनी हातानेच मागे सारलं. शेवटच्या खुंटीवरून लाइनमनचा पाय जमिनीला टेकला, त्यांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अरे वा," ते म्हणाले, "इतक्या लवकर कशी आलीस?"