वाघदेवाचा दगड

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर मी सहा वर्षं शिक्षिका होते. शाळेच्या मागे सागाखाली वाघदेवाचा दगड होता. वीतभर उंच, काळा, त्यावर वाघ आणि चंद्रसूर्य कोरलेले. तो किती जुना ते कुणालाच सांगता यायचं नाही. वर्षातून एकदा, वाघबारशीला त्याची पूजा व्हायची, एरवी तिकडे कुणी फिरकायचं नाही. जो कुणी तो दगड उचलून नेईल त्याच्या घराला पीडा लागते, असं सगळे मानायचे. मी मानत नव्हते.

पावसाळ्यात एका शनिवारी सुट्टीला घरी जाताना मी तो ओढणीत गुंडाळून जळगावला आणला. मेहरूणच्या आमच्या फ्लॅटमध्ये, शोकेसमध्ये तो इतका शोभला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने दाखवायचे. जुनी वस्तू जपतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शिकलेल्या माणसाला ते चांगलं जमतं. आमच्या घरी काहीच झालं नाही. उलट नवऱ्याला बढती मिळाली.

पीडा लागली ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीच्या घराला. श्रावणात तिच्या दोन शेळ्या मेल्या, मग सुनेचं पोट पडलं. वाघबारशीला सागाखालची जागा रिकामी दिसली आणि पाड्यावरचे म्हातारे आबा म्हणाले, "देव ज्याना घरमा, त्याना घरले पीडा. पीडा तिना घरले शे." संध्याकाळपर्यंत ती डाकीण ठरली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. "मॅडम, बठ्ठा गाव तुम्हनं आयकस. मी नही लिधा, इतलंच सांगा."

मी लोकांना शाळेत बोलावलं आणि अंधश्रद्धेवर अर्धा तास बोलले. दगडात काही नसतं, शेळ्या रोगाने मरतात, सगळं सांगितलं. दगड माझ्याकडे आहे, एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. नोकरी जाईल, लोक तोंडावर थुंकतील, याची भीती होती. मावशी दाराशी उभी राहून ऐकत होती.

"मंग देव कथा गया, मॅडम?" आबांनी शांतपणे विचारलं. देव कुठे गेला ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी फळा पुसायला वळले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तेव्हा मुलांनी तिच्या हातची खिचडी खाणं सोडलं. आठवडाभरात मुलगा-सुनेला घेऊन ती गुजरातेत ऊसतोडीला निघून गेली.

मला अन्न गोड लागेना. एका रविवारी भर दुपारी, पाडा बाजाराला गेलेला असताना, मी दगड परत नेऊन ठेवला. देव दिसला की तिच्यावरचा आळ जाईल आणि आपणही सुटू, असं वाटलं होतं. मला लाज वाटते ती चोरीपेक्षा या हुशारीची.

सोमवारी शाळेत पोचले तर सगळा पाडा सागाखाली जमलेला. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ती गयी, आनि देव उना," ते म्हणाले. ती गेली म्हणूनच देव परत आला, असं मानून सगळ्यांनी माना डोलावल्या. आता तिला परत यायला तोंडच उरलं नाही, हे मला तिथेच कळलं. तेव्हाही बोलता आलं असतं.

आबांनी मानाने मला पुढे बोलावलं आणि हातात नारळ दिला. मी तो फोडला.