गच्चीवरच्या चार खोल्या

हे गेले त्याला चार महिने झाले होते. मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, पैसे बँकेत नुसते पडून राहण्यापेक्षा इथंच उस्मानपुऱ्यात एखादा फ्लॅट घे. भाड्यानं देऊ." मी बरं म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

महापालिकेच्या शाळेत माझी नोकरी झाली. माझ्या वर्गात शिकलेला एक जण आता घरांची दलाली करतो. त्याला बरोबर घेऊन मी फ्लॅट पाहिला. हवेशीर होता, स्वयंपाकघरात नव्या टाइल्स होत्या. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "बाई, घर चांगलं हाय. पण भाड्यानं राहणार कोण? ह्या बिल्डिंगीतली पोरं शिकून बाहेर गेली. मागं म्हातारी माणसं राहिली, ती स्वतःच्या घरात. तुमच्या मुकुंदवाडीत उलटं हाय. उद्या सकाळी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. वीस वर्षं तिथं राहूनही मी हे नीट पाहिलं नव्हतं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस एकामागून एक थांबत होत्या. एकाच रंगाचे शर्ट घातलेली पोरं डबे घेऊन चढत होती. कोणी परभणीचं, कोणी हिंगोलीचं, बरीचशी बिहारकडची.

"ह्यांना बेडरूम नको," तो म्हणाला. "एक खोली, मोरी, गाडी लावायला जागा. तुमची गच्ची मोकळी पडलीय. चार खोल्या काढा."

गच्चीवर ह्यांना स्वतःसाठी एक खोली बांधायची होती, पुस्तकांची. त्यासाठी कॉलमच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या. मिस्त्रीनं त्या बाटल्या उपसून खाली गल्लीत टाकल्या. मी बघत उभी होते. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी खाली जाऊन मिस्त्रीसाठी चहा ठेवला.

खोल्या तयार झाल्या तशा तीन लगेच गेल्या. चौथी बघायला एक जोडपं आलं. तो शेंद्र्याला कामाला, तिला सहावा महिना असावा. तिनं मोरीतला नळ सोडून पाहिला, पाण्याची धार बघून नवऱ्याकडं वळून हसली. मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मुसलमान होते.

दलालानं मला जिन्यात बोलावलं. "बाई, माणसं लई भली दिसत्यात. पण बाकीचे रूमवाले काय म्हणतील? गल्ली काय म्हणेल? ते सोडून गेले तर?"

"मग काय करू?"

"मर्जी तुमची. मी आपलं सांगितलं."

मी वर गेले आणि त्या दोघांना म्हणाले, "दोन दिवसांनी सांगते."

"ठीक है, आंटी," ती म्हणाली. जाताना तिनं नळ पुन्हा एकदा घट्ट केला.

ती दोघं गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला आठवलं. नवीन लग्न झाल्यावर आम्ही ह्याच शहरात खोली शोधत होतो. एका घरी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, मग आडनाव विचारलं. आडनावावरून जात कळली. घरमालक म्हणाले, "दोन दिवसांनी सांगतो." तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. मी घरी भांडी बांधून ठेवली होती. परतताना ह्यांनी वाटेत उसाचा रस पाजला.

सगळं स्वच्छ आठवलं, रसाच्या ग्लासाला लागलेली मीठ-लिंबाची चवसुद्धा. पण दुखायला हवं होतं तिथं काहीच हललं नाही. त्याचीच मला थोडी भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन केला.

"आंटी, हमने दूसरी जगह ले लिया," तो अदबीनं म्हणाला. "कंपनीसे दूर पडता है, दो गाड़ी बदलनी पड़ती है। पर वहाँ अपने लोग हैं।"

"बीवी कशी आहे?"

"अच्छी है। आपको सलाम बोली।"

मी फोन ठेवला. 'या' असं सांगायलाच मी फोन केला होता. निदान मला तसं वाटतं.

चौथ्या खोलीत हिंगोलीची दोन पोरं राहायला आली. चांगली आहेत, जिना झाडून घेतात. मुलगा फोनवर म्हणतो, आई, तू फ्लॅट घेतला नाहीस ते बरं झालं, तिथले फ्लॅट रिकामे पडलेत.

पुढच्या वेळी जो आधी येईल त्याला खोली द्यायची, तो कुणीही असो, एवढं मी दलालाला सांगून ठेवलं आहे. तो मान हलवून "व्हय बाई" म्हणाला. त्यानंतर अजून एकही खोली रिकामी झालेली नाही.