जिच्यावर संशय, तिच्याच हातचा घास

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं. हिंगोली जिल्हा तेव्हा नवा होता आणि मी सेनगाव भागात फौजदार होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. त्यातली पाच वर्षांची पोर आता बाई झाली असेल, तिला सुखानं जगू द्यावं.

एका सकाळी एका गावचे पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आले. "साहेब, आत्ताच चला. लेकरावर करणी केली म्हनून गाव एका बाईला हाकलायला निघालंय. मारून टाकतील तिला."

ती बाई म्हणजे पोरीची थोरली चुलती. विधवा, मूलबाळ नाही, दिराच्याच घरात राहणारी. आम्ही पोचलो तेव्हा दारात गर्दी होती. चुलतीला जीपमध्ये बसवलं आणि लोकांना पांगवलं. मग आत गेलो.

पोर आईच्या मांडीवर मान टाकून पडली होती. अधूनमधून तिला ग्लानी यायची, ओकाऱ्या व्हायच्या. हिंगोली, वाशीम, नांदेड, सगळीकडचे डॉक्टर झाले होते, पण तपासणीत काही निघत नव्हतं. नवीन माणूस आत आलं की आई दुखण्याची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. शब्द कुठेही अडखळत नव्हता. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, कुणी चहा आणत होतं. मला ते खटकलं, पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे.

ठाण्यात चुलतीचा जबाब घेतला. ती रडत नव्हती, चिडली होती. "म्या काहून करू करणी? तिची आई बाजूला बसली की चूल माझ्याकडंच असती. लेकरू माझ्याच हातचं खातं, माझ्यापाशीच झोपतं. तवा तर चांगलं हुंदडतं!"

त्या घरात पाळीच्या दिवसांत बाईनं चुलीला आणि लेकराला शिवायचं नाही, अशी रीत होती. मी पोरीच्या बापाला विचारलं. तो म्हणाला, "बराबर हाय साहेब. त्या दिवसांत पोरगी बरी असती. लोक म्हनतात, तवा वहिनी करणी काढून घेती."

साऱ्या गावाला खूण दिसली होती आणि साऱ्या गावानं ती उलटी वाचली होती.

पोरीला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांशी बोलून ठरवलं, की जवळ चुलतीच थांबेल आणि खाणं दवाखान्यातलंच. बाप अंगावर आला. "जिनं करणी केली तिच्याच हाती लेकरू देता? काही झालं तर?"

"झालं तर माझी वर्दी काढून घ्या," मी म्हणालो.

दोन-तीन दिवसांत पोर उठून बसली. दोन्ही वेळा पोटभर जेवू लागली. मग आईला भेटायला येऊ दिलं. शेजारच्या खाटेपाशी आमची महिला शिपाई साध्या साडीत, रोग्याची नातेवाईक म्हणून बसली होती. तिला बजावलं होतं, आईनं आणलेला थेंबही पोरीच्या ओठाला लागता कामा नये. आईनं पेल्यात दूध ओतलं, पदराआड काहीतरी मिसळलं आणि पेला पुढे केला. महिला शिपायानं तिचं मनगट धरलं.

पंचांसमक्ष दूध सीलबंद केलं. तिच्या कनवटीला सासऱ्याच्या झोपेच्या गोळ्या निघाल्या. पुढे प्रयोगशाळेनंही तेच औषध दुधात असल्याचं कळवलं.

चौकशीत ती आधी जावेवर घसरली, मग देवावर. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "लेकरू बरं झालं असतं, तर तुमचं काय गेलं असतं?"

ती म्हणाली, "लेकरू बरं असलं की मला कोन इचारतं, साहेब? ते पडलं की नवरा जवळ बसतो, सासू हातात चहा देती."

क्षणभर मला तिची कीव आली, खोटं कशाला सांगू. पण कीव आली म्हणून कलम बदलत नाही. गुन्हा दाखल केला, अटक दाखवली. मनाचे उपचारही तिला मिळावेत असं डॉक्टरांनी लिहून दिलं, ते मी कोर्टापुढे ठेवलं. आणि गावात जाऊन, चावडीवर, सगळ्यांच्या देखत बापाला चुलतीची माफी मागायला लावली.

त्याआधी एकदा वॉर्डात डोकावलो होतो. चुलती दवाखान्यातल्याच दुधात भाकर कुस्करून पोरीला भरवत होती. पोरीनं घास गिळला आणि विचारलं, "काकू, आज मला बिमार पडायचं न्हाई का?"

चुलतीनं पुढचा घास तिच्या तोंडात दिला. मला तिथं उभं राहवलं नाही.

दुखणाईत लेकराच्या प्रत्येक आईकडे संशयानं बघावं असं मी म्हणत नाही. बहुतेक आया जिवाचं रान करतात. पण आजार कुठल्याच तपासणीत सापडत नसेल, तर घरात शोधायला लाजू नये, कारण लेकराला आजारी पाडणं हीसुद्धा मारहाणच आहे. लेकरू कधी आजारी पडतं हे सगळे न विचारता सांगतात. ते बरं कधी असतं, आणि तेव्हा कुणाच्या हातचं जेवतं, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.